विमानाच्या वाटेवरचा सडा

सून अंगणात सडा मारते तेव्हा ओल्या मातीच्या वासामागून मला अजून कीड मारायच्या पावडरीचा उग्र वास येतो. माझ्या लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. कोळवणला भात पोटरीला आलं आणि त्यावर कीड पडली, म्हणून पावडर धुरळायला चक्क विमान आलं. माळावरचे दगड वेचून आम्हीच त्याला धावायला वाट करून दिली. पावसानं दडी मारली होती; पहिल्या दिवशी फार धूळ उडाली, तेव्हा दुसऱ्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, "विमानवाल्या पाव्हण्याच्या डोळ्यांत माती जातीया. चला गं, सडा मारू." आळीतल्या बाया घागरी घेऊन निघालो, आणि वाटेच्या टोकाला मी हौसेनं दोन घागरी जास्तच ओतल्या. विमान धावत आलं, आता उडणार तोच तिथं चाक रुतलं आणि ते नाकावर आपटून उलटं झालं. पांढरी पावडर ढगासारखी उसळली. वैमानिक सरपटत बाहेर आला, नखशिखांत पांढरा, कपाळातून रक्त गळत होतं. "पाणी," एवढंच म्हणाला. घागरीच्या तळाशी उरलेलं मी त्याच्या ओंजळीत ओतलं. घटाघटा पिऊन त्यानं हात जोडले, "बाई, देवासारख्या धावून आलात." सासूबाईंनी माझ्या हातातली घागर काढून घेतली आणि पदराआड धरली. पुढं त्या होत्या तोवर आमच्या दारात सडा त्यांनीच मारला. आता सून मारते, तेव्हा मी आत जाऊन बसते.