पांगाऱ्याचे ओंडके आणि होळीचा मान

आधी चहा घ्या, मग हसा. हसणार तर आहातच. हा गाढवपणा मी एकट्यानं केलाय, त्यात कुणाचा वाटा नाही.

थेरगावात आम्ही जागा घेतली, तेव्हा तिकडं घरं कमी आणि शेतं जास्त होती. जागेच्या कडेनं पांगाऱ्याचं जुनं कुंपण होतं. ती झाडं तोडली, भिंती उभ्या राहिल्या, छप्परही चढलं. उरले ते पांगाऱ्याचे ओंडके. अंगणभर.

तुम्ही म्हणाल, लाकूड आहे, जाळा की. अहो, पांगारा कधी जाळलाय का? जळत नाही, नुसता धुमसतो. आम्ही अजून चिंचवडला भाड्याच्या खोलीत राहत होतो. दोन ओंडके सायकलवर लादून तिथं नेले आणि फोडून बंबात घातले. बंबातलं पाणी तापलं नाही, पण सगळ्या बिऱ्हाडांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग म्हटलं, बाक करू. दोन ओंडके रोवले, वर फळी ठोकली. थोड्याच दिवसांत बाकाच्या पायांना पालवी फुटली. शेजारच्या दगडूनानांची शेळी रोज येऊन आमचा बाक खाऊ लागली.

हे नाना म्हणजे ज्यांच्याकडून जागा घेतली ते. त्यांना म्हटलं, "नाना, फुकट घेऊन जा."

"न्हाई बा," नाना म्हणाले. "आमच्याच बांधाचा पांगारा त्यो. कसाबसा तुमच्या गळ्यात मारला, आता परत कशापायी घिऊ?"

बेकरीवाल्यानं तर ओंडका हातात घेऊन बघितला आणि माझ्याच हातात परत दिला.

इकडं मला घाई. पाडव्याला गृहप्रवेश ठरलेला. फक्त दाराची चौकट बसायची होती, आणि ती साधीसुधी नव्हती. सासऱ्यांनी स्वतःच्या घरासाठी जपलेला साग जुन्नरहून पाठवला होता. "लेकीच्या दाराला लागू दे," एवढंच म्हणाले. चौकट करत होते गफूरभाई, थेरगावातलेच सुतार. वरच्या पट्टीवर कमळ कोरणार होते. ती बघायला सासरे होळीलाच येणार, आणि अंगणात हा पसारा!

तेवढ्यात मला युक्ती सुचली. इथंच माझं चुकलं.

नानांच्या खोल्यांत आमच्याच कंपनीतली सडी पोरं भाड्यानं राहायची. त्यांचा म्होरक्या सुभाष. होळी आली की ही मंडळी लाकडं पळवायची. आता होळीचं तुम्हाला ठाऊकच आहे. आपण होऊन दिलेल्या लाकडाला काही चव नसते. पळवलं तर ते खरं. म्हणजे ओंडके खपवायचे तर ते लपवायला हवेत.

मी ओंडक्यांवर ताडपत्री टाकली, दोरीनं आवळली आणि कँटीनमध्ये सुभाषला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "माझ्या ताडपत्रीखाली उत्तम लाकूड आहे. होळीच्या नावाखाली कुणी हात लावला, तर माझ्याशी गाठ आहे."

सुभाष मान खाली घालून जेवत राहिला. मी खूश.

पुढचे दिवस माझी सेकंड शिफ्ट होती, जागेवर फिरकलोच नाही. होळीच्या संध्याकाळी सासऱ्यांना घेऊन थेट थेरगावला गेलो. बघतो तर दोरी सुटलेली! ताडपत्री उचलून बघावं, असं काही मला वाटलं नाही. हुशार माणूस खाली वाकून कशाला बघेल?

"चौकट कुठंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"गफूरभाई आणतीलच एक-दोन दिवसांत," मी म्हणालो.

एवढ्यात सुभाष आला. "साहेब, यंदा होळी तुम्हीच पेटवायची. सगळ्यात चांगलं लाकूड तुमच्याकडचं आहे."

पांगाऱ्याला चांगलं म्हणतोय, किती गुणी पोरगा! मी ऐटीत पुढं झालो. नारळ वाहिला, पाण्याची धार धरून प्रदक्षिणा घातली, टेंभा लावला. होळी अशी भडकली की बघत राहावं. धुराचं नाव नाही. तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती की नाही? पण मानाच्या माणसाला शंका येत नाही.

हलगी कडाडत होती. गर्दीतून वाट काढत गफूरभाई आले आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "चौकट बघितली का, भाऊ? काल तुम्ही नव्हता. अजून जोडली नाही, म्हणून लाकडं तुमच्या ताडपत्रीखाली ठेवून गेलो. वरच आहेत, ओंडक्यांवर."

मी होळीकडं बघितलं. शेणी ढासळल्या होत्या आणि आत एक पट्टी लालबुंद झाली होती. तिच्यावर कमळ होतं. पोरांनी पांगाऱ्याला बोटही लावलं नव्हतं. वरचे सरळ सोट तेवढे उचलले होते.

मी किंचाळलो. पोटातून, जीव खाऊन किंचाळलो. धावलोही असतो, पण गर्दीनं मला धरून ठेवलं, आणि माझा आवाज ऐकून सगळ्या गावानं तोंडावर हात मारत माझ्यामागोमाग बोंब ठोकली. मी ओरडलो की गाव ओरडे.

"चिंचवडची मान्सं बोंब मारायला लाजत्यात," दगडूनाना कौतुकानं म्हणाले. "पर ह्यो गडी तयारीचा हाय."

आणि आपल्याच सागावर हात शेकत सासरे म्हणाले, "जावई आहेत आमचे."