कमरेतला घोडा

माझा जीव एका जागी राहत नाही. जेवताना पाय हलतो, देवळात आरतीला उभा राहिलो तरी बोटं ताल धरतात, गॅसवर चहा उकळेपर्यंत मी अंगणात दोन खेपा घालून येतो. असल्या माणसाला मालकीणबाईंनी काम काय दिलं, तर घोडी शांत करायचं.

गोव्यात हळर्णला बाईंचा तबेला आहे. बाई मूळ पुण्याच्या, तरुणपणी ड्रेसाजच्या स्पर्धांत उतरलेल्या. स्वाराने बारीकसा इशारा करावा आणि घोड्याने न धडपडता चाल बदलावी, असा तो प्रकार. गुडघा गेल्यापासून त्या खोगिरावर बसत नाहीत. कुंपणाशी खुर्ची टाकून ओरडतात, आणि घोड्यावर मी असतो. मी आमोण्याचा, लगाम कसा धरायचा इथपासून सगळं त्यांच्याकडेच शिकलो.

ही घोडी शर्यतीतून काढलेली. दुडकी चाल सुरेख, दोन स्वच्छ ठोके. पण कँटर मागितला, म्हणजे ती तीन ठोक्यांची झुलती धाव, की हिची मान वर, कान मागे. दुडकीच सुसाट वाढवत न्यायची आणि मग कशीबशी कँटरमध्ये कोसळायची. परत दुडकीत येताना असे हिसके द्यायची की माझे दात एकमेकांवर आपटायचे.

"हिच्यावर फेरीला येणाऱ्या पाहुण्यांना बसवलं तर कुणाची तरी मान मोडेल," बाई म्हणाल्या. "मांद्र्याचा एक जण वरातींसाठी घोडी मागतोय. महिनाअखेरीला त्याचा टेम्पो येईल. तोवर सुधारली तर ठेवू."

वरात म्हणजे बँड, फटाके, नाचणारी पोरं. ही घोडी पत्रा वाजला तरी घामाने भिजते. तिथे ती महिनाभरही टिकली नसती, आणि मला ती हवी होती. सकाळी माझी स्कूटर फाटकात शिरली की ती पागेतून खिंकाळायची. माझी एवढी वाट घरीही कुणी बघत नाही.

मग मी इरेला पेटलो. पहाटे रिंगण, संध्याकाळी रिंगण. ती बिघडतच गेली. मी तिला शिव्या घातल्या, बाईंनी मला घातल्या. "तू तिला बोलूच देत नाहीस!" बाई ओरडायच्या. मला अर्थ कळायचा नाही आणि डोकं फिरायचं.

एकदा बाईंनी फोनवर माझं चित्रण करून पाठवलं. घरी उंडो पाव खात ते बघत होतो. बायको मागून डोकावली आणि हसत सुटली.

"तुमी घोड्यार बसतास काय शिगम्यात नाचतास?" ती म्हणाली. "घोडी बिचारी गप आसा. तुमीच उडतास."

मला राग आला. पुन्हा लावून बघितलं, तर खरंच. आमच्या डिचोलीकडे शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणात, घोडेमोडणी असते. लाकडी घोड्याचं तोंड कमरेला बांधायचं, हातात तलवार घ्यायची आणि ढोल-ताशावर नाचायचं. तिथे घोडा तुम्हीच असता. चाल बदलायची तर आधी आपली कंबर उसळते. मी मिशा फुटल्यापासून ती नाचत आलोय. आणि इथे, जिवंत घोडीच्या पाठीवर, कँटर मागायच्या आधी मीच खांदे टाकून कँटर सुरू करत होतो. पाठीवरचं ओझं असं अचानक नाचायला लागलं तर कुणीही पळेल.

तेव्हापासून मला फक्त गप्प बसायचं होतं. रिंगणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याच्या, जरा मागे टेकवायचा, कंबर सैल सोडायची आणि वाट बघायची. याहून जड काम मी केलेलं नाही. कंबर शिवशिवायची, मांड्या भरून यायच्या. कधी जमायचं, बहुतेकदा नाही.

टेम्पो आला तो सांगितल्यापेक्षा आधीच. मागची फळी उघडी टाकून मांद्र्याचा तो माणूस बाईंपाशी येऊन उभा राहिला.

"दाखव," बाई मला म्हणाल्या.

पहिल्यांदा मी घाबरून उसळलोच. घोडी पळाली, कोपऱ्यात हिसका देऊन अडखळली. त्या माणसाने खिशातून दोरी काढली. मी तिला पुन्हा दुडकीत आणलं. वळणावर पाय मागे टेकवला आणि थांबलो. काही झालं नाही. दोन ठोके, दोन ठोके. आता कंबर मारावी, आता मारावी, असं होत असताना श्वास सोडून दिला. खालून तिची पाठ सावकाश वर आली, आणि आम्ही कँटरमध्ये होतो.

बाई त्या माणसाशी किमतीचं बोलत होत्या. वळून बघतात तो काय! "अरे, ही बदलली कधी?" त्या उठून उभ्याच राहिल्या. "कळलंसुद्धा नाही."

तोंड उघडलं असतं तर रडलो असतो, आणि ते घोडीच्या पाठीला कळलं असतं.

"जा तू," बाई त्या माणसाला म्हणाल्या. त्याने कुरकुरत फळी लावली. पत्रा धाडकन वाजला. घोडीचा एक कान तिकडे गेला आणि परत माझ्याकडे आला. आता दुडकीत उतरायला हवं होतं, बाई तसं ओरडतही होत्या. पण टेम्पो फाटकाबाहेर जाऊन रस्त्याला लागेपर्यंत मी तिला थांबवलं नाही.