क्षेपणास्त्राच्या फाटकापाशी बस थांबते

आमच्या नेब्रास्कात बर्फ पडला की सरकार सगळ्यात आधी शेतांमध्ये पुरलेल्या क्षेपणास्त्रांकडे जाणारे रस्ते साफ करतं. माणसांचे नंतर. म्हणून शाळेच्या बसचे थांबेही तिथेच, कुंपणाच्या फाटकाला लागून. आत जमिनीखाली अणुबाँब, बाहेर दप्तरं घेऊन उभी पोरं. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

ती बस माझी शेजारीण आर्डिथ कोल्टरमन चालवते. तोंडाने फटकळ, पण एखादं पोर डबा विसरलं तर स्वतःचा देईल. तिच्या मुलाने, डेरिलने, गेल्या वर्षी अशाच एका फाटकासमोर घर बांधलं, रस्ता चांगला म्हणून. नात लिनेआ रोज तिथूनच आजीच्या बसमध्ये चढते.

परवा शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. जुनी क्षेपणास्त्रं काढून नवी बसवायची, खर्च अब्जावधी डॉलर. कामं येणार म्हणून गाव खूश. आर्डिथ उठली. "एवढा पैसा ओतताय, पण ही हवीत कशाला? समुद्रात पाणबुड्या आहेत ना तुमच्या?"

"आर्डिथ, तू बस चालव, देश चालवायला दुसरे आहेत!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

सभेला आलेला हवाई दलाचा अधिकारी पोरगेलासा होता, खरं बोलून गेला. "मॅडम, पाणबुडी शत्रूला सापडत नाही. ही सापडतात. युद्ध झालंच, तर त्याला त्याचे बाँब आधी इथे टाकून संपवावे लागतील. तेवढ्याने मोठी शहरं वाचतील."

मग डेरिलनेच विचारलं, "आणि बर्फ? रस्ता आधीसारखाच साफ होणार ना?"

"सगळ्यात आधी."

टाळ्या! अहो, टाळ्या वाजल्या! असा संताप आला म्हणून सांगू, कॉफी तशीच टाकून मी बाहेर आलो.

सभा सुटली तशी आर्डिथने डेरिलला गाडीपाशी गाठलं. "उद्यापासून लिनेआला माझ्या घरी आणून सोड. ती तिथून चढेल."

"आई, वेड लागलंय का? तुझा रस्ता दुपारपर्यंत बर्फाखाली असतो."

"असू दे. त्या भोकाशेजारी माझी नात उभी राहायची नाही."

डेरिलचा आवाज एकदम खाली आला. "तुझं घर तिथून दोन मैलांवर आहे, आई. दोन मैलांनी काय वाचणार आहे?"

आर्डिथ तशीच वळली आणि घराकडे निघाली.

सकाळी बस फाटकापाशीच थांबली. लिनेआ चढली. आर्डिथने धाडकन दार लावलं आणि गाडी अशी सुसाट काढली की पोरं ओरडली. पण जाणार कुठे? पुढचा थांबाही फाटकापाशीच आहे.