सहा इंचांची पायरी

आमच्या आळीतून बाजाराकडे उतरणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी नव्याने बांधण्याचा आराखडा नगर परिषदेने हरकतींसाठी लावला, तेव्हा मी मुदतीत, पोच घेऊन चार पत्रे दिली. मागणी एकच होती: कोणतीही पायरी सहा इंचांहून उंच नसावी. गुडघ्यांमुळे माझ्या पत्नीचे बाजारात जाणे बंद झाले होते, हेही मी शेवटच्या पत्रात संतापून लिहिले. एकाही पत्राला उत्तर आले नाही.

काम पूर्ण होताच पुढच्या नोटिशीसाठी पुरावा हवा म्हणून मी टेप व वही घेऊन उतरलो. पहिली पायरी सहा इंचांच्या आत भरली. दुसरीही, तिसरीही. कडेच्या दगडी गडग्याशी उभी असलेली शेजारीण म्हणाली, "काका, पायऱ्या कुठे पळून नाही जायच्या. उतरा सावकाश."

वळणावर मी थबकलो. तिथला फणस न तोडता गडगा त्याला वळसा घालून नेला होता आणि सावलीत बसायला दगडी कट्टा केला होता. तो मी मागितलाच नव्हता. माझी पत्रे कोणी माणूस वाचतो, ही शक्यता नगर परिषदेला पत्रे लिहिण्याच्या इतक्या वर्षांत माझ्या मनाला शिवली नव्हती.

मागून पत्नी कठड्याला धरून एकटीच उतरत आली. क्षणभर कट्ट्यावर टेकली आणि उठली.

"अहो, चला. मासळी संपेल."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.