माझा कापलेला प्रसंग

एकोणीसशे सत्तर साल उलटल्यावर कोल्हापुरातल्या एका सिनेमात मी नायकाच्या विधवा बहिणीचं काम केलं. सिनेमा लांबला म्हणून वितरकाने माझा रडण्याचा अख्खा प्रसंग कापला. थेटरात मी फक्त पावण्यांना पाणी देताना दिसले. वर्षभराने दिग्दर्शकांनी आपल्या मनासारखा, न कापलेला सिनेमा आम्हा कलाकारांना स्टुडिओत दाखवला.

"आता कसा वाटला?" त्यांनी मला विचारलं.

"थेटरातलाच बरा हाय."

"अहो बाई, तुमचा सीन परत घातलाय की!"

"व्हय. मी रडाय लागले आणि गोष्ट तिथंच अडली."

पुढच्या सिनेमात त्यांनी मला घेतलं नाही. माफी माग, म्हणून घरचे मागे लागले. मी गेले नाही. खऱ्याची कसली माफी?