पडद्यामागे येऊन बसलेले धनगरबाबा

पौडच्या वाटेवर मला नेहमी एक धनगरबाबा भेटतात. माणसांशी आणि मेंढरांशी ते एकाच आवाजात बोलतात आणि सगळ्यांत खोट काढतात. गेल्या सुट्टीत बाजारतळावरच्या तंबूत इराणी राजकन्या आणि मेंढपाळ यांच्या प्रेमाचा मूकपट आला होता. आम्हा महारवाड्यातल्यांना पडद्यामागे बसवलं होतं. तिथून पडद्यावर चित्रांमध्ये येणाऱ्या पाट्यांची अक्षरं उलटी दिसत. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून आमच्या लोकांना ती अडखळत वाचून दाखवत होतो.

"मागं कोण शाळा भरवतंय? गप बस!" पुढून कुणीतरी ओरडलं. मी गप्प झालो.

तेवढ्यात धनगरबाबा घोंगडं घेऊन मागे आले आणि मला खेटून बसले. "वाच रं, मोठ्यांदी. त्या पडद्यावरल्या गड्याला काठी धरता येत न्हाई, पर त्याचं लगीन हुतंय का न्हाई, ते मला कळाया पायजे."

मी शेवटपर्यंत वाचलं.

दुसऱ्या दिवशी पारावर वाद पेटला होता, राजकन्येनं मेंढपाळाच्या घरी जावं की नाही. एकानं बाबांना चिडवलं, "काय बाबा, मागनं काय दिसलं?"

"समदं दिसलं. तुमास्नी नुसती चित्रं दिसली. आमच्याकडं वाचणारा हुता."

पारापासून दूर उभ्या असलेल्या मला ते ऐकू आलं. माझे हात आपोआप जोडले गेले.