बोंबलांवरची काजळी

मंडळी, डोकं फिरलंय माझं! आज सकाळी अंधेरीत आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एकजण डिझेल गाडी चालू ठेवून फोनवर बोलत बसलेला. म्हटलं, "बंद कर ना रे, धूर घरात येतोय." तर म्हणतो, "काका, पेट्रोलपेक्षा डिझेल कमी लागतं, पर्यावरणाला चांगलंच!"

सत्तरच्या दशकात वेसाव्याच्या कोळीवाड्यात आमच्या शेजाऱ्याने टॅक्सीला डिझेल इंजिन बसवलं, तोही हेच सांगायचा. इंधन खरंच कमी लागायचं. पण आईने वाळत घातलेल्या बोंबलांवर काजळी बसायची. एकदा तिने तसलाच बोंबील त्याच्या हातात ठेवला. "खाऊन दाखव." दुसऱ्या दिवसापासून टॅक्सी लांब उभी राहू लागली.

आजच्याने मात्र काच वर केली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. पैसे त्याचे वाचणार आणि खोकायचं आम्ही? तुम्ही काय केलं असतं?